अल्फ्रेड बिने कोण होते? रिझल्टमधला 'पर्सेंटाइल' आईबाबांना समजावण्याआधी ही गोष्ट वाचा

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टचा रिझल्ट आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफमध्ये आला. गणितासमोर लिहिलं होतं, ५८ पर्सेंटाइल. बाबांनी ते ५८ टक्के असं वाचलं आणि संध्याकाळपर्यंत घरात निर्णयही झाला: क्रिकेट बंद, क्लास सुरू. भाऊ न जेवताच झोपला. मग मी फोन घेऊन बसलो आणि अशा चाचण्या आल्या कुठून हे शोधता शोधता पोचलो अल्फ्रेड बिने यांच्यापर्यंत.

वकिलीतून मानसशास्त्राकडे

बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या नीस शहरात झाला. शिक्षण घेतलं कायद्याचं, पण मन रमलं नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते स्वतःच मानसशास्त्र शिकले. पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात प्रसिद्ध डॉक्टर शार्को यांच्या हाताखाली काम करू लागले.

तिथेच त्यांना मोठा फटका बसला. लोहचुंबकाने संमोहित रुग्णांची लक्षणं शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतात, असा दावा त्यांनी सहकाऱ्याबरोबर केला होता. प्रत्यक्षात काय अपेक्षित आहे हे रुग्णांना आधीच कळत होतं आणि ते तसंच वागत होते. बिने यांना चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. मोजणारा माणूसच नकळत उत्तर सुचवू शकतो, हा धडा त्यांना इथे मिळाला.

घरातली प्रयोगशाळा

मादलेन आणि आलीस या त्यांच्या दोन मुली. बिने त्यांना छोटी छोटी कोडी घालायचे आणि उत्तरं टिपून ठेवायचे. एकाच घरातल्या दोघी, पण विचार करायची पद्धत वेगळी. त्या काळी डोक्याच्या मापावरून हुशारी ठरवायची पद्धत होती. बिने यांनीही शाळकरी मुलांची डोकी मोजून पाहिली, पण फरक इतका किरकोळ निघाला की त्यावरून काही ठरवणं त्यांना पटेना.

१९०५ ची चाचणी

फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना जास्तीची मदत हवी होती, पण ती कोणाला हे ठरवायचं कसं? १९०४ मध्ये सरकारने यासाठी समिती नेमली. बिने तिचे सदस्य होते. डॉक्टर तेओदोर सिमोन यांच्यासोबत त्यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. सुरुवात अगदी सोपी, म्हणजे हलणाऱ्या उजेडाकडे नजर जाते का. शेवट अवघड, म्हणजे दोन अमूर्त शब्दांतला फरक सांगणं.

१९०८ मध्ये त्यांनी प्रश्न वयानुसार लावले. उदाहरणार्थ, पाचव्या वर्षी चौकोन बघून काढणं आणि चार नाणी मोजणं. त्या वयाच्या बहुतेक मुलांना जे जमतं, ते त्या वयाचं माप. म्हणजे मुलाची तुलना त्याच्या वयाच्या इतर मुलांशी. आपल्या पीडीएफमधल्या आकड्याची मूळ कल्पना हीच आहे.

आकडा हातातून सुटला

हुशारी एका आकड्यात बसते आणि ती जन्मभर तेवढीच राहते, हे बिने यांना मान्य नव्हतं. लक्ष, स्मरण आणि विचार सरावाने सुधारतात असं ते १९०९ च्या पुस्तकात ठामपणे मांडतात. मागे असलेल्या मुलांसाठी त्यांनी खास व्यायामही सुचवले.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, ५४ व्या वर्षी ते गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्याला १०० ने गुणून 'आयक्यू' प्रचारात आणला. मदतीसाठी बनवलेलं साधन शिक्का मारायला वापरलं जाऊ लागलं. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बदलून घेतली. तीच बिने-कामत चाचणी.

मग मी बाबांना काय सांगितलं?

१. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत. ५८ पर्सेंटाइल म्हणजे १०० मुलांची रांग लावली तर साधारण ५८ मुलं याच्या मागे आहेत.

२. ती १०० मुलं कोण, हे रिपोर्टमध्ये बघा: फक्त त्याच शाळेतली, की सगळीकडची?

३. रांगेच्या मध्यावर गर्दी जास्त असते. तिथे एकदोन प्रश्न इकडेतिकडे झाले तरी पर्सेंटाइल बराच हलतो.

४. एका दिवसाच्या एका चाचणीवर मोठा निर्णय घेऊ नका. कुठल्या प्रकारचे प्रश्न चुकले, ते शिक्षकांना विचारा.

आम्ही विचारलं. अडचण फक्त अपूर्णांकांत होती. आता रोज रात्री २० मिनिटं मी त्याला तेवढंच शिकवतो, आणि संध्याकाळी तो पुन्हा मैदानावर असतो. तुमच्याही घरी असा रिझल्ट आला, तर आईबाबा काही ठरवायच्या आधी त्यांच्यासोबत बसून तो नीट वाचा.