मिरजेचे डॉक्टर वानलेस

विद्यार्थी मित्रांनो, ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली या भागांत फिरताना ‘मोफत मोतीबिंदू तपासणी शिबिर’ असा फलक तुम्ही कधीतरी वाचला असेल. उर्दूत तुम्ही ज्याला मोतिया म्हणता, त्यालाच मराठीत मोतीबिंदू म्हणतात. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. तेव्हा गरिबाला मोतीबिंदू झाला, की त्याच्या आयुष्यात अंधार पसरत असे. तो अंधार दूर करण्यासाठी झटलेल्या एका डॉक्टरांची ही गोष्ट आहे.

कल्याणहून कोल्हापूरच्या गाडीत बसलात, तर कोल्हापूर येण्याआधी मिरज जंक्शन लागते. मीरासाहेबांचा दर्गा आणि सतार, तंबोरा बनवणारे कारागीर यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. डॉक्टर विल्यम जेम्स वानलेस यांनी याच गावाला आपली कर्मभूमी मानले.

वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. त्यांनी न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण घेतले. मनात आणले असते, तर तिथेच दवाखाना काढून ते सुखाने राहू शकले असते. पण १८८९ साली ते ख्रिस्ती मिशनचे डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. सोबत त्यांच्या पत्नी मेरी होत्या. त्या परिचारिका होत्या. आधी सांगलीला आणि नंतर मिरजेला त्यांनी दवाखाना सुरू केला.

सुरुवात सोपी नव्हती. परदेशी माणूस, त्याचा धर्म वेगळा, भाषा वेगळी. शिवाय चाकूने डोळा कापणार! लोकांना भीती वाटणे साहजिकच होते.

मित्रांनो, मोतीबिंदू म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. आपल्या डोळ्यात एक पारदर्शक भिंग असते. वय वाढले, की ते हळूहळू गढूळ होते. धुरकट काचेतून पाहावे, तसे माणसाला दिसू लागते. पुढे तेही दिसेनासे होते. पूर्वी गावोगाव फिरणारे काही लोक सुईने हे गढूळ भिंग डोळ्याच्या आत मागे ढकलून देत. रोग्याला लगेच थोडे दिसू लागे. पण सुई स्वच्छ नसे. मग डोळ्यात पू होई आणि कित्येकांचा डोळा कायमचा जाई. तोवर सुईवाला पुढच्या गावी गेलेला असे.

डॉक्टर वानलेस यांची रीत वेगळी होती. ते गढूळ भिंग डोळ्यातून बाहेर काढत. हत्यारे निर्जंतुक करत. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला दिवसचे दिवस न हलता, डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावे लागे. डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग तेव्हा निघाले नव्हते. ते १९४९ साली लंडनमध्ये डॉक्टर रिडले यांनी प्रथम बसवले. म्हणून वानलेस यांच्या रोग्यांना नंतर जाड काचांचा चष्मा लागे. पण चष्म्यातून का होईना, आपल्या माणसांचे चेहरे पुन्हा दिसत. आंधळा म्हणून गेलेला माणूस स्वतःच्या पायांनी घरी परतला, की गावाला वेगळे काही सांगावे लागत नसे. लोकांची भीती गेली आणि दूरदूरचे रोगी मिरजेकडे येऊ लागले.

जागा अपुरी पडू लागली. मिरज संस्थानने जमीन दिली, अमेरिकेतील देणगीदारांनी पैसा दिला आणि १८९४ साली मिरजेला रुग्णालय उभे राहिले. वानलेस तेवढ्यावर थांबले नाहीत. एकटा डॉक्टर किती रोगी तपासणार? म्हणून १८९७ साली त्यांनी वैद्यकीय शाळा काढली. तिथे या देशातील तरुण डॉक्टरीचे शिक्षण घेऊ लागले. ज्यांना लोक जवळ उभे करत नसत, त्या कुष्ठरोग्यांसाठीही त्यांनी आश्रम काढला.

१९०६ साली त्यांच्या पत्नी मेरी यांचे निधन झाले. सतरा वर्षांची साथ तुटली. घर सुने झाले. मायदेशी परत जाण्यास एवढे कारण पुरेसे होते. पण दारात रोगी उभे होते. डॉक्टरांनी आपले काम सोडले नाही. हिंदुस्थानात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे सेवा केली. १९२८ साली सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि १९३३ साली अमेरिकेत त्यांनी जगाचा निरोप घेतला. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या एका वस्तीला लोक आजही वानलेसवाडी म्हणतात. किताब पुष्कळांना मिळतात. पण लोकांनी ज्याचे नाव गावाला दिले, असा परदेशी माणूस विरळाच.

मित्रांनो, आता तुमच्या घराकडे पाहा. दादी किंवा नाना सुईत दोरा ओवायला तुम्हाला हाक मारतात का? जिना उतरताना भिंत चाचपतात का? समोर आलेल्या माणसाला आवाजावरून ओळखतात का? पुष्कळदा म्हातारी माणसे खर्चाच्या भीतीने आपला त्रास लपवतात. वय झाले, आता काय पाहायचे, असे म्हणून गप्प बसतात. त्यांना सांगा, की सरकारी रुग्णालयात आणि धर्मादाय संस्थांमार्फत गरिबांसाठी ही शस्त्रक्रिया मोफत होते. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेक वेळा परत येते. काचबिंदूने गेलेली मात्र परत येत नाही. डोळ्याला नेमके काय झाले आहे, हे डॉक्टरच तपासून सांगू शकतात. म्हणून तपासणीला उशीर करू नका.

वानलेस सात समुद्र ओलांडून परक्यांच्या डोळ्यांसाठी आले. आपल्याला तर आपल्याच माणसाचा हात धरून जवळच्या दवाखान्यापर्यंत जायचे आहे.