एल्व्हिस प्रेस्ली

एल्व्हिस ॲरन प्रेस्ली (जन्म : ८ जानेवारी १९३५, टुपेलो, मिसिसिपी, मृत्यू : १६ ऑगस्ट १९७७, मेम्फिस, टेनेसी) हे अमेरिकन गायक आणि चित्रपट अभिनेते होते. रॉक अँड रोल हा संगीतप्रकार जगभर पोहोचवणाऱ्या कलावंतांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९५० च्या दशकातील त्यांच्या ध्वनिमुद्रिका आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम सर्वपरिचित आहेत. मात्र त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी अखंड कार्यक्रममालिका लास व्हेगास शहरातील एका कॅसिनो-हॉटेलच्या प्रेक्षागृहात झाली. १९६९ ते १९७६ या काळात त्यांनी तेथे ६३६ प्रयोग केले. या मालिकेने त्यांना रंगमंचावर पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील शारीरिक आणि कलात्मक घसरणीशीही हाच रंगमंच निगडित आहे.

बालपण

एल्व्हिस यांचा जन्म टुपेलो येथे वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात झाला. त्यांचा जुळा भाऊ जेसी जन्मतः मृत होता, त्यामुळे आई-वडिलांचे ते एकुलते एक अपत्य ठरले. वडील व्हर्नन यांना धनादेशातील रकमेत फेरफार केल्याबद्दल १९३८ मध्ये तुरुंगवास भोगावा लागला. आई ग्लॅडिस यांच्याशी एल्व्हिस यांचे नाते अत्यंत निकटचे होते. चर्चमधील भक्तिगीते, कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि रेडिओवरील कंट्री संगीत हे तिन्ही प्रवाह त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले. अकराव्या वाढदिवशी त्यांना पहिली गिटार मिळाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हे कुटुंब मेम्फिसला आले आणि पुढे सरकारी वसाहतीत राहू लागले. १९५३ मध्ये शालेय शिक्षण संपल्यावर एल्व्हिस यांनी काही काळ एका विद्युत कंपनीत ट्रक चालवला.

उदय

१९५३ च्या उन्हाळ्यात एल्व्हिस यांनी मेम्फिसमधील सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत पदरचे पैसे भरून दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. पुढील वर्षी ५ जुलैच्या रात्री गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांच्यासह त्यांनी एक जुने ब्लूज गीत वेगळ्याच लयीत म्हटले. हीच त्यांची सन रेकॉर्ड्स कंपनीची पहिली ध्वनिमुद्रिका ठरली. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टर या कंपनीने त्यांचा करार ३५,००० डॉलर देऊन विकत घेतला. हा व्यवहार कर्नल टॉम पार्कर यांनी घडवून आणला. पार्कर यांचे मूळ नाव आन्द्रेआस कॉर्नेलिस व्हान काउक असे होते. त्यांचा जन्म नेदरलँड्समधील ब्रेडा येथे झाला होता आणि ते कोणत्याही कागदपत्रांविना अमेरिकेत आले होते. व्यवस्थापकाच्या आयुष्यातील या झाकून ठेवलेल्या बाबीचा पुढे एल्व्हिस यांच्या कारकिर्दीवर खोल परिणाम झाला, असे बहुतेक चरित्रकार मानतात.

१९५६ हे वर्ष एल्व्हिस यांच्या झंझावाती यशाचे होते. सप्टेंबरमधील एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील त्यांचे गायन सुमारे ६ कोटी लोकांनी पाहिले. त्यांच्या अंगविक्षेपांवर धर्मोपदेशक आणि वृत्तपत्रे तुटून पडली. जानेवारी १९५७ मधील तिसऱ्या कार्यक्रमात कॅमेऱ्याने त्यांना कमरेच्या वरच दाखवले.

याच यशाच्या वर्षात लास व्हेगासमध्ये मात्र त्यांच्या वाट्याला थंड प्रतिसाद आला. एप्रिल-मे १९५६ मध्ये न्यू फ्रंटियर हॉटेलात त्यांचे दोन आठवडे कार्यक्रम झाले. समोर जेवणाच्या टेबलांशी बसलेले मध्यमवयीन जुगारी आणि त्यांच्या पत्नी होत्या. किंचाळणाऱ्या शाळकरी मुली नव्हत्या. या मंडळींना ऑर्केस्ट्रा आणि विनोदवीर अधिक जवळचे वाटत. किशोरवयीन श्रोत्यांसाठी शनिवारी दुपारी वेगळा प्रयोग ठेवला गेला, तेव्हा नेहमीचा जल्लोष झाला. या मुक्कामातून एल्व्हिस यांना एक लाभ मात्र झाला. शहरातील दुसऱ्या एका हॉटेलात फ्रेडी बेल यांचा वाद्यवृंद 'हाउंड डॉग' हे गीत सादर करत असे. ते ऐकून त्यांनी ते आपल्या कार्यक्रमात घेतले आणि त्याच वर्षी त्याची ध्वनिमुद्रिका अफाट गाजली.

सैन्यसेवा आणि चित्रपट

मार्च १९५८ मध्ये एल्व्हिस सक्तीच्या सैन्यसेवेत दाखल झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या आईचे निधन झाले. या धक्क्यातून ते पूर्णपणे कधी सावरले नाहीत, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदवले आहे. पश्चिम जर्मनीत तैनात असताना त्यांची भेट प्रिसिला बोल्यू यांच्याशी झाली. १ मे १९६७ रोजी लास व्हेगासमधील अलादीन हॉटेलात त्यांचा विवाह झाला आणि १ फेब्रुवारी १९६८ रोजी कन्या लिसा मेरी जन्मली.

१९६० मध्ये सैन्यातून परतल्यावर पार्कर यांनी त्यांना हॉलिवूडला जुंपले. एकूण ३१ कथापटांत त्यांनी भूमिका केल्या. 'व्हिवा लास व्हेगास' (१९६४) सारखे काही रंजक चित्रपट वगळता बहुतेक एकाच साच्यातून काढलेले होते. २५ मार्च १९६१ रोजी हवाईमध्ये झालेल्या मदतनिधीच्या कार्यक्रमानंतर आठ वर्षे ते तिकीटधारी श्रोत्यांसमोर गायले नाहीत. या काळात बीटल्ससारख्या वाद्यवृंदांनी लोकप्रिय संगीताचे स्वरूपच पालटले होते.

३ डिसेंबर १९६८ रोजी एनबीसी वाहिनीवर प्रसारित झालेल्या विशेष कार्यक्रमाने चित्र बदलले. पार्कर यांना त्यात नाताळची गीते हवी होती. दिग्दर्शक स्टीव्ह बिंडर यांनी त्याऐवजी एल्व्हिस यांना काळ्या चामड्याच्या पोशाखात, मोजक्या श्रोत्यांच्या मधोमध, जुन्या साथीदारांसह गायला बसवले. त्यानंतर १९६९ च्या प्रारंभी मेम्फिसमध्ये चिप्स मोमन यांच्या स्टुडिओत झालेल्या ध्वनिमुद्रणातून 'सस्पिशस माइंड्स' हे गीत साकारले. अमेरिकेतील प्रमुख गीतयादीत प्रथम क्रमांक मिळवणारे ते त्यांचे अखेरचे गीत ठरले.

इंटरनॅशनल हॉटेलमधील पुनरागमन

उद्योगपती कर्क कर्कोरियन यांनी बांधलेले इंटरनॅशनल हॉटेल २ जुलै १९६९ रोजी सुरू झाले. १,५१२ खोल्यांचे हे हॉटेल त्या वेळी जगातील सर्वांत मोठे मानले जाई. त्याच्या प्रेक्षागृहात सुमारे २,००० लोक बसू शकत. उद्घाटनाचा मान एल्व्हिस यांना देऊ केला होता. परंतु नव्या सभागृहातील ध्वनी आणि प्रकाशयोजनेतील त्रुटी दुसऱ्या कोणाच्या तरी प्रयोगात उघड व्हाव्यात, असा हिशेब पार्कर यांनी मांडला. त्यामुळे पहिले चार आठवडे बार्ब्रा स्ट्रायसँड यांना मिळाले.

कॅसिनोतील प्रेक्षागृहाचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय पुढील घटनांचा उलगडा होत नाही. अशा हॉटेलात गाण्याचा कार्यक्रम तोट्यात चालला तरी मालकाची तक्रार नसे. कार्यक्रमाला आलेला माणूस जाता-येता जुगाराच्या टेबलांमधून जाई आणि तूट तेथे भरून निघे. साहजिकच कार्यक्रम आटोपशीर असावा आणि प्रेक्षक वेळेवर टेबलांकडे वळावेत, अशी व्यवस्थापनाची अपेक्षा असे. एल्व्हिस यांच्या प्रयोगांनी हे गणित उलटे केले. त्यांचे प्रेक्षागृह स्वतःच नफ्यात चालले आणि जुगाराची कमाई त्यावर वेगळी झाली.

३१ जुलै १९६९ चा पहिला प्रयोग निमंत्रितांसाठी होता. न्यू यॉर्कमधील संगीतसमीक्षकांना कर्कोरियन यांच्या खाजगी विमानाने आणण्यात आले. १९५६ च्या थंड स्वागताची आठवण एल्व्हिस यांच्या मनात ताजी होती आणि पडद्यामागे ते अतिशय अस्वस्थ होते. ते रंगमंचावर येताच, एकही शब्द गाण्यापूर्वी, सभागृह उठून उभे राहिले. त्यानंतर २८ ऑगस्टपर्यंत दररोज दोन, असे या पहिल्या हंगामात एकूण ५७ प्रयोग झाले. सुमारे १ लाख प्रेक्षकांनी ते पाहिले आणि उत्पन्न १५ लाख डॉलरच्या घरात गेले.

या यशामागे विचारपूर्वक केलेली जुळवाजुळव होती आणि ती बहुतांशी एल्व्हिस यांची स्वतःची होती. गिटारवादक जेम्स बर्टन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी नवा वाद्यवृंद उभारला. ढोलवादक रॉनी टट आणि बासवादक जेरी शेफ हे त्याचे आधारस्तंभ होते. सोबत इम्पिरियल्स हा गोऱ्या पुरुष गायकांचा भक्तिगीत-चमू, सिसी ह्यूस्टन यांचा समावेश असलेला स्वीट इन्स्पिरेशन्स हा कृष्णवर्णीय गायिकांचा चमू आणि हॉटेलचा मोठा ऑर्केस्ट्रा होता. बालपणी निरनिराळ्या ठिकाणी ऐकलेली संगीते अशा रीतीने एकाच रंगमंचावर एकत्र आली. वेशभूषाकार बिल बेल्यू यांनी प्रारंभी कराटेच्या गणवेशावरून साधे पोशाख बेतले. खडे जडवलेला, उंच कॉलरचा पांढरा अंगरखा हे त्याचे नंतरचे रूप आहे. ऑगस्ट १९७० च्या हंगामाचे चित्रण असलेला 'दॅट्स द वे इट इज' हा माहितीपट त्या काळातील एल्व्हिस यांची ऊर्जा आणि विनोदबुद्धी समजण्याचे उत्तम साधन आहे.

करार आणि पार्कर यांची भूमिका

पहिल्या प्रयोगानंतर लगेचच पार्कर आणि हॉटेलचे व्यवस्थापक ॲलेक्स शूफी यांच्यात पाच वर्षांचा करार ठरला. त्याच्या अटी पार्कर यांनी उपाहारगृहातील टेबलक्लॉथवर लिहून काढल्या, अशी नोंद आहे. दर वर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकी चार आठवडे, आणि त्यासाठी वार्षिक १० लाख डॉलर मानधन, असे त्याचे स्वरूप होते. त्या काळी ही रक्कम थक्क करणारी होती. परंतु एल्व्हिस यांच्यामुळे कॅसिनोला होणाऱ्या लाभाच्या तुलनेत ती फारशी नव्हती, अशी टीका नंतर झाली. पार्कर स्वतः मोठे जुगारी होते. रूलेटच्या टेबलावर ते प्रचंड रकमा हरत आणि हॉटेलात त्यांना वर्षभर खोल्या व कार्यालय उपलब्ध असे. ज्या हॉटेलचे आपण देणेकरी आहोत त्याच्याशी आपल्या कलावंताच्या वतीने सौदा करणारा व्यवस्थापक कोणाचे हित पाहत होता, हा प्रश्न एल्व्हिस यांच्या हयातीत कोणी उघडपणे विचारला नाही.

युरोप आणि जपानमधून मोठमोठी निमंत्रणे येत असूनही एल्व्हिस यांनी १९५७ मधील कॅनडाचे मोजके कार्यक्रम वगळता अमेरिकेबाहेर कधीही गायन केले नाही. पासपोर्ट नसलेल्या पार्कर यांना देश सोडणे शक्य नव्हते, हे त्यामागचे कारण सामान्यतः सांगितले जाते. १४ जानेवारी १९७३ रोजी होनोलुलू येथून उपग्रहाद्वारे प्रक्षेपित झालेला कार्यक्रम हीच काय ती परदेशी चाहत्यांची सोय. मार्च १९७३ मध्ये पार्कर यांनी तोवरच्या सर्व ध्वनिमुद्रिकांच्या स्वामित्वधनाचे हक्क ५४ लाख डॉलरला आरसीए कंपनीस विकून टाकले आणि त्यातील सुमारे निम्मा वाटा घेतला.

उतरण

कर्कोरियन यांच्याकडून हॉटेल हिल्टन समूहाकडे गेले आणि १९७१ पासून ते लास व्हेगास हिल्टन या नावाने ओळखले जाऊ लागले. एल्व्हिस यांचा मुक्काम ३० व्या मजल्यावर असे. खिडक्या झाकून ते दिवसा झोपत. रात्री जेवणाच्या वेळी एक आणि मध्यरात्री दुसरा प्रयोग करत. वाळवंटातील कोरड्या हवेने घसा बसणे ही तेथील गायकांची नित्याची व्यथा होती आणि त्यांनाही ती वारंवार जडली. झोप, जाग आणि वेदना या प्रत्येकासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे वाढत गेली. १९७२ च्या प्रारंभी प्रिसिला वेगळ्या झाल्या आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये घटस्फोट झाला.

सप्टेंबर १९७३ मध्ये हंगामाच्या अखेरच्या रात्री एल्व्हिस यांनी रंगमंचावरूनच हिल्टनच्या व्यवस्थापनावर कठोर शब्दांत टीका केली. हॉटेलमधील एका परिचित कर्मचाऱ्याला कामावरून काढल्याचा त्यांना राग आला होता. प्रयोगानंतर पार्कर यांच्याशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले आणि दोघांनी संबंध तोडण्याची भाषा केली. पार्कर यांनी थकबाकीचा भलामोठा हिशेब पुढे ठेवला. तो चुकता करणे अशक्य दिसल्याने काही दिवसांतच समेट झाला.

१९ ऑगस्ट १९७४ ची घटना त्यामानाने दुर्लक्षित आहे. त्या रात्री त्यांनी ठरीव क्रम बाजूला सारून ब्लूज आणि नव्या गाण्यांचा कार्यक्रम सादर केला. प्रेक्षक जुनी गाणी ऐकायला आले होते; प्रतिसाद कोमट मिळाला आणि दुसऱ्या दिवशी जुना क्रम परतला. मार्च १९७५ मध्ये बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी याच हॉटेलात त्यांची भेट घेऊन 'अ स्टार इज बॉर्न' या चित्रपटात नायकाची भूमिका देऊ केली. एल्व्हिस उत्सुक होते, पण पार्कर यांच्या अटींमुळे बोलणी फिसकटली. त्याच वर्षी ऑगस्टमधील हंगाम आजारपणामुळे तीन दिवसांतच आटोपता घ्यावा लागला. १२ डिसेंबर १९७६ रोजी त्यांनी लास व्हेगासमधील अखेरचा प्रयोग केला.

मृत्यू आणि नंतर

२६ जून १९७७ रोजी इंडियानापोलिस येथे त्यांचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. १६ ऑगस्ट रोजी, पुढील दौऱ्यावर निघण्याच्या दिवशीच, मेम्फिसमधील ग्रेसलँड या निवासस्थानी ते मृतावस्थेत आढळले. त्यांचे वय ४२ होते. १९८२ पासून ग्रेसलँड पर्यटकांसाठी खुले आहे. रॉक अँड रोलचा सम्राट म्हणून गौरवल्या गेलेल्या या गायकाला मिळालेले तिन्ही स्पर्धात्मक ग्रॅमी पुरस्कार भक्तिगीतांसाठी होते. भारतात त्यांच्या शैलीची आठवण बहुधा शम्मी कपूर यांच्या पडद्यावरील नृत्यांच्या संदर्भात निघते.

कन्येच्या हितरक्षणासाठी न्यायालयाने १९८० मध्ये नेमलेल्या वकिलाने पार्कर यांच्या व्यवहारांची चौकशी केली. त्यांनी घेतलेली निम्म्यापर्यंतची दलाली अवाजवी असल्याचा निष्कर्ष अहवालात काढण्यात आला आणि १९८३ मध्ये तडजोडीने पार्कर यांचा संबंध संपुष्टात आला. इंटरनॅशनल हॉटेलची इमारत आज वेस्टगेट या नावाने चालू आहे. एल्व्हिस यांचा कांस्य पुतळा तेथे १९७८ मध्ये बसवण्यात आला.