आखाताच्या तळाशी तार अंथरणारे सर चार्ल्स ब्राइट

नोव्हेंबर ते मार्च या सुखद महिन्यांत बहरीनमधले कार्यक्रम सभागृहांतून मोकळ्या मैदानांवर येतात. मंडपामागे जनरेटर लागतो आणि तेथून रंगमंचापर्यंत रबरी आवरणाची जाड केबल अंथरली जाते. तिच्यातले तांबे किती जाड असावे, उष्णतेत आवरण किती टिकेल, जोड कोठे द्यावा, या प्रश्नांची उत्तरे सर चार्ल्स टिल्स्टन ब्राइट यांना याच आखातात १८६४ साली द्यावी लागली. त्यांची तार दिवे लावणारी नव्हती, संदेश वाहणारी होती. पण तांबे, ऊन आणि पाणी यांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

ब्राइट यांचा जन्म ८ जून १८३२ रोजी इंग्लंडमधील वॉन्स्टेड येथे झाला. पोरवयातच ते तारखात्याच्या व्यवसायात शिरले आणि विशी गाठता गाठता भाऊ एडवर्ड यांच्यासह पेटंटचे धनी झाले. अटलांटिक महासागराखालून तार नेण्याच्या योजनेचे प्रमुख अभियंते ते ऐन पंचविशीच्या आत झाले.

तेथेच त्यांना पहिला मोठा धडा मिळाला. दर सागरी मैलाला ३९२ पौंड तांबे असावे, असा ब्राइट यांचा आग्रह होता. कंपनीने १०७ पौंडांची तार घेतली. आजच्या मापात सांगायचे तर ब्राइट सुमारे साडेदहा चौरस मिलिमीटर मागत होते आणि मिळाले जेमतेम तीन. म्हणजे घरातल्या प्लगच्या वायरीपेक्षा किंचित जाड काहीतरी आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत टाकले गेले! त्यातच तारेचा काही भाग ग्रीनिचला उन्हात पडून गटापर्चाचे आवरण मऊ पडले आणि आतले तांबे मध्यावरून सरकले. ५ ऑगस्ट १८५८ रोजी तार पोहोचली. ब्राइट यांना वयाच्या २६ व्या वर्षी सरकी मिळाली. पण पेशाने शल्यवैद्य असलेले कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी क्षीण संकेतावर उपाय म्हणून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच दुबळे असलेले आवरण ते सोसू शकले नाही आणि काही आठवड्यांत तार मुकी झाली. तांबे वाचवायचे आणि दाब वाढवून वेळ मारून न्यायची, हा मोह आजही मंडपामागे दिसतो.

पुढे हिंदुस्थान सरकारने कराची ते फाव ही आखाती तार टाकण्याचे ठरवले, तेव्हा कर्नल पॅट्रिक स्ट्युअर्ट यांच्या नेतृत्वाखालील या कामाची अभियांत्रिकी बाजू ब्राइट व त्यांचे भागीदार लॅटिमर क्लार्क यांच्याकडे आली. या वेळी तांबे मैलाला २२५ पौंड, म्हणजे सुमारे सहा चौरस मिलिमीटर, घेतले गेले. तारेची चाचणी ७५ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात बुडवून झाली, कारण आवरणाची रोधकता उष्णतेने झपाट्याने उतरते. बाहेरून डांबर, राळ व सिलिकाची भुकटी यांचा लेप चढला. समुद्रकिड्यांपासून आवरण वाचवायचे होते. तार पाण्याने भरलेल्या लोखंडी टाक्यांतून आणली गेली. ग्रीनिचचे ऊन ब्राइट विसरले नव्हते.

ती आणणाऱ्या जहाजांपैकी 'ट्वीड' आणि 'असाये' ही मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या हातची होती. 'ट्वीड'चे मूळ नाव 'पंजाब'. फेब्रुवारी १८६४ मध्ये ग्वादरहून काम सुरू झाले. मुसंदम, बुशेर असे टप्पे घेत तार उत्तरेला गेली. बहरीन या मार्गापासून दक्षिणेला राहिले. फावच्या किनाऱ्यावर चिखल इतका खोल की जहाज जवळ येईना. शेवटचा पल्ला माणसांनी चिखलातून सरपटत तार ओढून पुरा केला आणि ब्राइट स्वतः त्या चिखलात उतरले. स्ट्युअर्ट जानेवारी १८६५ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे वारले. त्याच वर्षी हिंदुस्थान आणि युरोप यांच्यात तारेने संदेश धावू लागले.

ब्राइट १८६५ ते १८६८ ग्रीनिचचे खासदार होते. मात्र त्यांचा सर्वांत व्यापक ठसा १८६१ मधल्या एका निबंधात आहे. विजेची मापे शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखावीत, असे त्यांनी आणि क्लार्क यांनी त्यात सुचवले होते. गंमत अशी की त्यांच्या यादीत दाबाला 'ओहमा' आणि रोधाला 'व्होल्ट' असे होते. १८८१ च्या पॅरिस परिषदेने व्होल्ट, ओहम आणि अँपिअर आजच्या अर्थांनी स्वीकारले. बहरीनच्या २३० व्होल्टच्या प्लगवर आणि ३२ अँपिअरच्या निळ्या जोडणीवर छापलेली अक्षरे त्याच परंपरेतली.

३ मे १८८८ रोजी, ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लंडनजवळच्या चिझिकच्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन आहे.