छत्तीसगडचे बिंबाजीराजे भोसले

नागपूरकर भोसल्यांचा इतिहास म्हटला की पहिल्या रघूजीराजांच्या बंगालवरील स्वाऱ्या आणि कटकपर्यंत पोहोचलेली त्यांची सत्ता आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांचेच एक चिरंजीव बिंबाजीराजे यांचे नाव मात्र मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडते. महानदी-शिवनाथेच्या या प्रदेशात घर करून राहिलेल्या आपणा मराठी मंडळींना तरी त्यांची ओळख असावयास हवी. नागपूर सोडून येथे आलेला आणि येथेच देह ठेवलेला हा पहिला मराठी राजा होय.

बिंबाजीराजांचे कार्य समजण्यासाठी त्यांच्यापूर्वीचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. अकराव्या शतकात कलचुरी वंशातील रत्नदेवाने रतनपूर वसविले आणि तेव्हापासून सुमारे सातशे वर्षे या भूमीवर हैहयवंशी राजांचे छत्र होते. पुढे याच घराण्याची एक शाखा रायपुरास नांदू लागली. खारून नदीच्या काठचे हाटकेश्वराचे देवालय १४०२ साली, रायपूरच्या ब्रह्मदेव राजाच्या कारकीर्दीत उभे राहिले. शिवनाथेच्या उत्तरेस अठरा गड रतनपूरचे व दक्षिणेस अठरा गड रायपूरचे, अशी परंपरेने चालत आलेली वाटणी होती. देवगिरीचे यादव बुडाले, दिल्लीचे सुलतान आले आणि गेले, मोगलांचा उदय झाला. जहांगीरच्या काळी येथील राजा कल्याणसाय मोगल दरबारी जाऊन आला. तथापि अरण्यांच्या कुशीतले हे राज्य आपल्या संथ चालीने चालतच राहिले.

त्या दीर्घ शांततेचा भंग मराठ्यांच्या तोफांनी केला, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १७४१ साली रघूजीराजांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर पूर्वेकडील स्वारीवर जात असता रतनपुरावर येऊन थडकले. गादीवर वृद्ध रघुनाथसिंह होते. पुत्रशोकाने खचलेल्या त्या राजाने प्रतिकार केला नाही. किल्ल्याच्या एका भागावर तोफा डागल्या गेल्या, तेव्हा राणीनेच तटावर शरणागतीचे निशाण चढविले, असे सांगतात. शहरावर एक लाख रुपयांची खंडणी बसली. सात शतकांच्या राजवंशाचे स्वातंत्र्य असे फारशा लढाईवाचून संपले. रायपूरच्या अमरसिंहांचीही सत्ता १७५० च्या सुमारास काढून घेण्यात आली. रायपूर, राजिम व पाटण एवढाच मुलूख त्यांच्याकडे राहिला आणि त्याबद्दल वर्षाला सात हजार रुपये भरावे लागत. १७५३ साली त्यांचे निधन झाल्यावर तोही गेला.

१७५५ साली रघूजीराजे निवर्तले. त्यांच्या चार पुत्रांत दौलतीची वाटणी होऊन जानोजींकडे नागपूर, मुधोजींकडे चांदा, साबाजींकडे वऱ्हाडातील दारव्हा आणि बिंबाजींकडे छत्तीसगड आले. भावांच्या वाट्यांच्या मानाने हा मुलूख दूरचा, अरण्यमय आणि बेभरवशाचा. भोसल्यांच्या वतीने रतनपुरावर असलेले मोहनसिंह त्यांना विरोध करण्यासाठी रायपुरास फौज गोळा करीत होते. परंतु अकस्मात आजाराने त्यांचा अंत झाला आणि १७५८ साली बिंबाजीराजे रतनपुरात प्रवेशले.

नागपुरात वाड्यात बसून कारकुनांकरवी वसूल आणविणे त्यांना सहज शक्य होते. तो मार्ग त्यांनी पत्करला नाही. रतनपूर हीच त्यांनी राजधानी मानली. तेथे स्वतंत्र दरबार भरविला, आपले कारभारी नेमले आणि नागपूरचे वडीलपण मान्य करूनही बराचसा स्वतंत्र कारभार चालविला. रतनपूर व रायपूर हे दोन्ही विभाग त्यांच्याच काळी एका सत्तेखाली खऱ्या अर्थाने एकत्र आले. पदच्युत अमरसिंहांचे पुत्र शिवराजसिंह यांना त्यांनी बडगाव हे गाव करमुक्त दिले आणि रायपूर भागातील प्रत्येक गावामागे एक रुपया लावून दिला. गेलेले राज्य त्यामुळे परत मिळाले नाही हे खरे. तरी जुन्या घराण्याचा मान अगदीच पुसला जाऊ नये, एवढे भान त्यात दिसते. पंजाबातून शालींचा व्यापार करीत आलेले प्रह्लाददास बैरागी रतनपुरात स्थायिक झाले. त्याच महंतपरंपरेतून पुढे राजनांदगावचे संस्थान उदयास आले.

त्यांच्या दरबाराबरोबर मराठी भाषा आणि मोडी लिपी येथील दफ्तरांत आली. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी श्रीरामाचे मंदिर बांधविले. त्या टेकडीचे रामटेकरी हे नाव उच्चारताच नागपूरजवळच्या रामटेकाचे स्मरण होते. मायभूमीपासून दूर आलेल्या मनुष्याने आपला देव व आपली टेकडी येथे पुन्हा वसवावी, यातील भावना आपल्यापैकी कोणाला उमगणार नाही? दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याचा प्रघातही या प्रदेशात त्यांच्याच काळी रूढ झाला, असे मानतात.

७ डिसेंबर १७८७ रोजी बिंबाजीराजांचे देहावसान झाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचा प्रभाव पुढेही काही काळ रतनपुरात टिकून होता. परंतु छत्तीसगड आता दुसऱ्या रघूजीराजांचे बंधू व्यंकोजी यांच्याकडे गेले. ते स्वतः नागपुरात राहिले आणि येथे सुभेदार पाठवू लागले. राजा जाऊन वसूल करणारा अधिकारी आला. त्याची दृष्टी प्रजेवर कमी आणि नागपुरास धाडावयाच्या रकमेवर अधिक असे. १७९९ साली या मार्गाने प्रवास करणाऱ्या कोलब्रुक या इंग्रज अधिकाऱ्यानेही, बिंबाजींच्या मृत्यूने या प्रदेशाची हानी झाली आणि त्यांचा अंमल लोकांच्या हिताचा होता, अशी नोंद केली आहे. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक एग्न्यू यांनी राजधानी रायपुरास आणली आणि रतनपूरचे वैभव मावळले. १८५४ साली भोसल्यांचे राज्यच खालसा झाले.

भास्करपंतांची स्वारी आणि बिंबाजीराजांचे वास्तव्य, हे दोन्ही आपल्या पूर्वजांचेच वारसे आहेत. एकाने खंडणी नेली, दुसऱ्याने घर बांधले. तोफांचा धूर केव्हाच विरला. रामटेकरीचे देऊळ मात्र उभे आहे आणि दसऱ्याचे सोने आजही हातोहात दिले जाते. परमुलखात गेलेल्या समाजाची ओळख अखेर त्याने तेथे काय जिंकले यापेक्षा तेथील लोकांत तो कसा राहिला यावरून ठरते. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी बिंबाजीराजांचे स्मरण करताना, आपले आचरण याच कसोटीस उतरो, एवढीच श्रीरामचरणी प्रार्थना.