अर्नेस्ट ॲमरी कॉडमन

अर्नेस्ट ॲमरी कॉडमन (३० डिसेंबर, इ.स. १८६९ - २३ नोव्हेंबर, इ.स. १९४०) हे अमेरिकन शल्यचिकित्सक होते. हाडांच्या कर्करोगाची नोंदवही आणि क्ष-किरण चित्रातील ‘कॉडमन त्रिकोण’ ही खूण यांसाठी ते ओळखले जातात.

जीवन

कॉडमन यांचा जन्म बॉस्टन येथे झाला. १८९५ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. त्याच वर्षी लागलेल्या क्ष-किरणांच्या शोधाचा वापर करणाऱ्या बॉस्टनमधील पहिल्या डॉक्टरांत ते होते.

शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची पुढील प्रकृती तपासून यशापयश जाहीर करावे, असा त्यांचा आग्रह होता. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले व तेथील चुकाही छापून प्रसिद्ध केल्या. ज्येष्ठतेनुसार बढती देण्याच्या पद्धतीच्या निषेधार्थ त्यांनी १९१४ मध्ये मॅसेच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा राजीनामा दिला. १९१५ मध्ये एका सभेत त्यांनी शहरातील वैद्यकीय धुरिणांवर टीका करणारे व्यंगचित्र दाखवले. त्यामुळे समव्यावसायिकांचा रोष ओढवून त्यांनी हार्वर्डमधील पदही गमावले.

अस्थिअर्बुदांची नोंदवही

हाडांचा सार्कोमा दुर्मीळ असल्याने एकट्या डॉक्टरचा अनुभव अपुरा पडे. म्हणून १९२० मध्ये कॉडमन यांनी देशभरातील शल्यचिकित्सकांकडून अशा रुग्णांची क्ष-किरण चित्रे, ऊतींचे नमुने आणि उपचारांची फलिते मागवण्यास आरंभ केला. खांद्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

कॉडमन त्रिकोण

वेगाने वाढणारी गाठ हाडावरील आवरण उचलते. उचललेल्या कडेखाली नवे हाड तयार होऊन चित्रात त्रिकोण दिसतो. या खुणेचे वर्णन ह्यूगो रिबर्ट यांनी १९१४ मध्ये केले होते. अस्थिसार्कोमाच्या संदर्भात ती कॉडमन यांच्या नावाने रूढ झाली.

हाडाच्या पृष्ठभागावर उद्भवणाऱ्या विरळ सार्कोमांपैकी पेरिऑस्टिअल प्रकारात हा त्रिकोण दिसू शकतो. सावकाश वाढणाऱ्या पॅरॉस्टिअल प्रकारात तो सहसा नसतो. उलट, हाडातील जंतुसंसर्गातही तो आढळतो. त्यामुळे ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथे काढलेल्या चित्रात त्रिकोण दिसला, म्हणून कर्करोग ठरत नाही आणि दिसला नाही, म्हणून तो नाकारताही येत नाही. गाठ मज्जापोकळीत शिरली आहे का, हे एमआरआयने पाहतात. अंतिम निदान बायॉप्सीने होते.

स्मारक

केंब्रिज (मॅसेच्युसेट्स) येथील माउंट ऑबर्न दफनभूमीतील त्यांच्या थडग्यावर २०१४ पर्यंत नावाची शिला नव्हती. ती त्या वर्षी बसवण्यात आली.