शेगावी विसावलेला चंद्रसेन

शेगावचे नाव उच्चारताच मराठी मनापुढे गजानन महाराजांची समाधी उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. महाराज १९१० साली समाधिस्थ झाले आणि भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील ही कापसाची बाजारपेठ उत्तरोत्तर भाविकांची पेठ होत गेली. त्यानंतर बारा वर्षांनी, मार्च १९२२ मध्ये, याच गावी आणखी एका पुरुषाने अखेरचा श्वास घेतला. तो संत नव्हता. किंबहुना विकारांचे दर्शन घडविणे हाच त्याचा आयुष्यभराचा व्यवसाय होता आणि त्याच विकारांनी त्याचे स्वतःचे जीवनही पोखरले होते. नटवर्य गणपतराव जोशी हे त्याचे नाव. सूडाने झपाटलेल्या माणसाचे मन आतून कसे असते, हे मराठी प्रेक्षकाला प्रथम दाखविले ते गणपतरावांनी. आज पडद्यावर सूडकथांचा सुकाळ झालेला असताना या नटाची आठवण जागविणे केवळ औपचारिक ठरू नये.

गणपतरावांचा जन्म १८६७ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरचा. लहान वयातच ते नाटकाकडे ओढले गेले आणि साताऱ्यात १८८१ साली निघालेल्या शाहूनगरवासी नाटक मंडळीचे ते पुढे प्राण ठरले. तो काळ संगीत नाटकाच्या उदयाचा होता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने १८८० पासून महाराष्ट्राला पदांचे वेड लावले होते. अशा काळात एकही पद न म्हणता, केवळ बोललेल्या शब्दाच्या आणि मुद्रेवरील भावाच्या बळावर प्रेक्षक खिळवून ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हती. शाहूनगरवासीने ती साधली. मंडळीत गणपतराव नायकाच्या आणि बाळाभाऊ जोग नायिकेच्या भूमिकेत उभे राहत. या जोडीच्या आधारावर गद्य रंगभूमीने दोन तपांहून अधिक काळ संगीताशी टक्कर दिली. 'त्राटिके'तला प्रतापराव, 'झुंझाररावा'तला संशयाने जळणारा पती, 'मानाजीरावा'तला रक्ताने हात माखलेला सरदार, 'राणा भीमदेवा'तला आवेशी वीर आणि 'तुकारामा'तला विरक्त संत, इतकी परस्परांहून भिन्न माणसे त्यांनी उभी केली. तथापि त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते एकाच भूमिकेशी. ती भूमिका म्हणजे 'विकारविलसित' नाटकातील चंद्रसेन, अर्थात शेक्सपिअरचा हॅम्लेट.

बंदिवासातील भाषांतर

या नाटकाचे मराठी रूप ज्या परिस्थितीत घडले, तीही एखाद्या नाटकाला शोभणारी होती. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालविला आहे, या समजुतीने 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी तेथील दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कठोर टीका केली. त्यातून अब्रुनुकसानीचा खटला उद्भवला आणि १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. त्या बंदिवासात आगरकर 'हॅम्लेट'च्या भाषांतरावर काम करीत होते. वेडा ठरविलेल्या राजपुत्राचा कैवार घेतला म्हणून गजांआड गेलेला संपादक वेडाचे सोंग घेणाऱ्या राजपुत्राची कथा मराठीत आणीत होता, हा योगायोग कोणाच्याही ध्यानात येईल. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, नाटक प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असलेल्या महाराजांचा एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अंत झाला.

आगरकरांचे माध्यमिक शिक्षण शेगावपासून जवळच असलेल्या अकोल्यात झाले होते. तेथे त्यांना लाभलेले गुरुजन विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीही शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन'ला 'तारा' या नावाने मराठी वेष चढविला होता. म्हणजे चंद्रसेनाच्या भाषांतरकर्त्याची विद्या वऱ्हाडात रुजली आणि त्याला मूर्तरूप देणाऱ्या नटाची यात्राही वऱ्हाडातच संपली.

आगरकर हे बुद्धिवादाचे कट्टर पुरस्कर्ते. भुताखेतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. तरीही ज्या नाटकाचा आरंभच पिशाच्चाच्या दर्शनाने होतो, ते त्यांनी निवडले. नाटकाला त्यांनी दिलेल्या नावात याचे उत्तर आहे. हा खेळ भुताचा नव्हे, विकारांचा आहे. कथा राजवाड्यात घडत असली तरी तिचे खरे स्थळ एका तरुणाचे मन हे होय. इंग्रजी विद्येचा लाभ न झालेल्या गणपतरावांना हे मर्म समजावून देण्यासाठी खुद्द आगरकरांनी परिश्रम घेतले. 'त्राटिके'च्या वेळी तेच काम तिचे कर्ते प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी केले. विद्वानाने नटाला अर्थ द्यावा आणि नटाने त्या अर्थाला देह द्यावा, असा हा व्यवहार होता. विद्यापीठ आणि रंगमंच यांचे इतके निकटचे सहकार्य त्यानंतर फारसे दिसले नाही.

सूडाची रचना

सूडाच्या कथेची रचना वरवर पाहता अगदी सरळ असते. अन्याय होतो, अन्याय झालेला माणूस शपथ घेतो, वाटेतील अडथळे दूर करतो आणि शेवटी अपराध्याला गाठतो. प्रेक्षक समाधानाने घरी जातो. जगातील बहुसंख्य सूडनाट्ये व सूडपट याच साच्यातून निघालेले आहेत. शेक्सपिअरने तोच साचा उचलला, पण आतून फिरवला. पित्याचे पिशाच्च पुत्राला खुनाची हकीकत सांगते आणि सूडाची आज्ञा करते. पुत्र शपथ घेतो, परंतु त्याच क्षणी त्याच्या मनात संशय शिरतो. हे पिशाच्च खरे की आपल्या मनाचा भ्रम? खात्री करून घेण्यासाठी तो वेडाचे सोंग घेतो, आणि हळूहळू ते सोंग आणि खरे वेड यांतली सीमारेषा प्रेक्षकालाच नव्हे, तर त्यालाही दिसेनाशी होते. मग तो नटांकरवी चुलत्यासमोर खुनाचेच नाटक करवितो आणि अपराधी राजा उठून पळतो. येथे संशय फिटला. आता सूड घ्यायला हरकत नव्हती. राजा एकटा, प्रार्थनेला बसलेला सापडतोही. परंतु प्रार्थनेत मेलेला मनुष्य सद्गतीला जाईल, या विचाराने हॅम्लेट तलवार म्यान करतो. शत्रूला मारणे त्याला आता पुरेसे वाटत नाही. शत्रूचा आत्माही नरकात जावा अशी त्याची इच्छा आहे. न्यायाची मागणी ध्यासात बदलली ती याच ठिकाणी, आणि नाटकाचा खरा कणा येथेच आहे.

यानंतर सूडाला दिशा राहत नाही. पडद्याआड राजा आहे या समजुतीने तो वृद्ध मंत्र्याला भोसकतो. मंत्र्याची कन्या वेडी होऊन पाण्यात बुडून मरते. मंत्र्याचा पुत्र बापाच्या सूडासाठी परत येतो आणि जो सूड घ्यायला निघाला होता तोच आता दुसऱ्याच्या सूडाचे लक्ष्य बनतो. शेवटी विषारी पाते आणि विषाचा प्याला राजा, राणी, मंत्रिपुत्र आणि स्वतः हॅम्लेट या सर्वांचा निकाल लावतात. या कथेत बाप गमावलेले तीन पुत्र आहेत. दोघे सूड घेतात आणि मरतात. तिसरा, नॉर्वेचा राजपुत्र, डेन्मार्कवर चाल करून जाण्याचा बेत सोडून देतो, आणि अखेरीस सिंहासन त्याच्याच हाती जाते. नाटककाराने उपदेशाचा एक शब्दही न बोलता, केवळ रचनेतून आपला निर्णय दिलेला आहे.

अशा भूमिकेत नटाची कसोटी तलवारीत नसते, ती थांबण्यात असते. घटना घडण्यापेक्षा न घडण्याचे नाट्य त्याला दाखवावे लागते. गणपतरावांचा चंद्रसेन ज्यांनी पाहिला, त्यांच्या आठवणींत आरोळ्यांपेक्षा मुद्रेवर क्षणाक्षणाला पालटणाऱ्या भावांचा आणि आवाजाच्या चढउतारांचाच उल्लेख अधिक येतो. त्यांची तुलना इंग्लंडच्या गॅरिकशी केली गेली. तथापि गॅरिकला शेक्सपिअर मातृभाषेत लाभला होता. गणपतरावांना तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकून, मनात मुरवून, कोकण-देशावरच्या माणसाच्या बोलीत आणि हालचालीत उभा करावयाचा होता. इंग्रजीचे एक अक्षरही न जाणणाऱ्या प्रेक्षकाला डेन्मार्कच्या राजपुत्राची व्यथा आपल्याच घरातील वाटली, यातच त्यांचे श्रेष्ठत्व सामावलेले आहे.

संशयाचे विष

'विकारविलसिता'चा परिणाम एका भूमिकेपुरता राहिला नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १८९३ साली 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' हे नाटक लिहिले, तेव्हा हॅम्लेटची विषण्णता आणि 'ऑथेल्लो'मधील यागोचे कपट त्यांनी पुण्याच्या शनिवारवाड्यात आणून बसविले. पेशव्याच्या कोवळ्या मनात संशयाचे विष कालविणारा केशवशास्त्री हा मराठी रंगभूमीवरचा मनाशी खेळणारा पहिला मोठा खलपुरुष म्हणावा लागेल. शाहूनगरवासीने हे नाटक रंगभूमीवर आणले आणि माधवरावाच्या भूमिकेत गणपतरावच उभे राहिले. परकीय कथेतून शिकलेली मनाची उकल स्वकीय इतिहासाला कशी लावता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

याच खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' लिहिले. ते गणपतरावांच्या मंडळीचे नव्हे, परंतु त्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. तेथेही सूडच आहे, पण भीमाच्या मनात संशय नाही आणि प्रेक्षकाच्याही नाही. पारतंत्र्यात दडपलेल्या समाजाला त्या निःसंशय सूडाची गरज होती. सरकारलाही ते पुरेपूर कळले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. तेव्हा सूडाची प्रत्येक कथा रोगटच असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. जेथे न्यायाची सर्व दारे बंद असतात, तेथे भीमाची गदा लोकांना प्रिय वाटणारच. मात्र भीमाच्या कथेचा जो साचा त्या काळाला उपयोगी पडला, तोच सर्व काळी आणि सर्व प्रसंगी गिरविला गेला, तर समाजाला स्वतःच्या क्रोधाची शंका घेण्याची सवयच राहत नाही. त्यासाठी चंद्रसेन हवा असतो.

गणपतरावांच्या स्वतःच्या आयुष्यातही एक शोकान्त होता. मद्याच्या व्यसनाने त्यांच्या शरीराची आणि कीर्तीची हानी केली, हे त्यांच्या चाहत्यांनीही लपविलेले नाही. शतकाच्या दुसऱ्या दशकात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या संगीताने महाराष्ट्र भारून गेला आणि गद्य नटाचा मान ओसरत गेला. मनाच्या एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत रात्रीमागून रात्र प्रवेश करणाऱ्या नटाला स्वतःच्या मनात परतण्याची वाट कितपत मोकळी राहते, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून उभा राहतो. त्याचे उत्तर नीतीच्या फूटपट्टीने देणे सोपे असले, तरी न्याय्य नव्हे. विष्णु वामन शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ने १९७० पासून ज्या वृद्ध नटाची कथा घरोघर पोचविली, त्याचेही नाव गणपतरावच आहे. त्या नाटकातील घटना वेगळ्या आहेत. परंतु ते नाव ऐकताना शेगावी वारलेला नट रसिकाला आठवल्यावाचून राहत नाही.

पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ते गेले, तेव्हा मराठी बोलपट यायला आणखी दहा वर्षे होती. त्यांचा अभिनय कोणत्याही चित्रफितीत बोलता राहिला नाही. त्यांनी हाताळलेली कथा मात्र पडद्यावर पुनःपुन्हा आली. सोहराब मोदींनी ती १९३५ साली 'खून का खून' या नावाने उर्दूत आणली, किशोर साहूंनी १९५४ साली हिंदीत आणली, आणि विशाल भारद्वाज यांच्या 'हैदर'ने २०१४ साली तिला काश्मीरच्या बर्फात नेले. मराठी रंगभूमीवरही २०१८ साली नाना जोगांच्या भाषांतराच्या आधारे हॅम्लेट नव्याने उभा राहिला. कथा टिकली, कारण तिच्या रचनेत सूडाला उत्तर नसून प्रश्न आहे.

आज सूडपटांची लाट ज्या वेगाने येते, त्यात नायकाचा हात कधी थबकत नाही आणि त्याच्या मनात शंका कधी डोकावत नाही. रक्त जितके अधिक, तितक्या टाळ्या अधिक. अशा चित्रपटांवर बंदीची मागणी करणे व्यर्थ होय. बंदीने अभिरुची सुधारत नसते. प्रेक्षकाला अधिक चांगले दाखविणे हाच त्यावर उपाय आहे. अल्पशिक्षित म्हणून हिणविल्या गेलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाने चंद्रसेनाची द्विधा वृत्ती रात्र रात्र बसून पाहिली आणि मनात जपली. तेव्हा लोकांना हेच हवे असते, ही निर्मात्यांची सबब फारशी टिकत नाही.

शेगावला नित्य हजारो भाविक येतात. विकारांचा शम व्हावा म्हणून माणूस संताच्या पायरीशी जातो. विकार म्हणजे काय हे कळावे म्हणून त्याने एकदा नटाकडेही पाहावे. या गावाच्या मातीत दोन्ही गोष्टी आहेत. एखाद्या ७ मार्चला येथील एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा हौशी मंडळीच्या रंगमंचावर 'विकारविलसिता'चा एक प्रवेश जरी झाला, तरी गणपतराव जोशी यांचे ते पुतळ्याहून योग्य स्मारक ठरेल. तो प्रवेश राजाच्या प्रार्थनेचा असावा, कारण उपसलेली तलवार थांबते ती तेथेच.