नात्यांच्या शब्दांचा शोध : इरावतीबाई कर्वे

इरावती नदीच्या नावावरून जिचे नाव ठेवले गेले, ती करमरकरांची कन्या १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे जन्मली. वडील तेथे कापूस कंपनीत नोकरीस होते. परमुलखातील मराठी घरातला हा जन्म; महादेवपुऱ्यातील आम्हा मंडळींना इरावतीबाई अंमळ अधिक जवळच्या वाटतात त्या यामुळेच. सातव्या वर्षी त्या शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत आल्या आणि पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या.

मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ साली त्या एम. ए. झाल्या. त्यानंतर बर्लिन. तेथील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्या मते गोऱ्या वंशाची श्रेष्ठता कवटीच्या ठेवणीतही दिसावयास हवी होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसे आढळत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात मांडला. पदवी ज्यांच्या हाती, त्यांच्याच मताविरुद्ध! १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

‘युगान्त’मुळे त्या घरोघरी पोहोचल्या, परंतु आम्हास त्यांचे १९५३ सालचे भारतीय आप्तसंबंधांवरील इंग्रजी पुस्तक अधिक मोलाचे वाटते. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत असता त्यांनी भाषाभाषांतील नात्यांचे शब्द गोळा केले आणि त्यांवरून विवाहाच्या चालीरीती ताडून पाहिल्या. कानडीत ‘माव’ म्हणजे मामा आणि सासराही. ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासूही. कारण मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची तेथे रीत. उत्तरेत असा विवाह निषिद्ध, म्हणून तेथे सासर-माहेरचे शब्द निरनिराळे. महाराष्ट्र दोहोंच्या मध्ये. आपल्याकडे सासू-सासरा हे शब्द उत्तरेचे. पण सून हाक मारताना ‘मामंजी’, ‘आत्याबाई’ म्हणे, ती खूण दक्षिणेची! शेजारच्या कानडी कुटुंबाशी आपले नाते किती जुने आहे, हे या दोन हाकांवरून कळते. आमच्या नातवंडांच्या तोंडी मात्र मामी, मावशी, काकू, आत्या या चौघी एका ‘आंटी’त बुडाल्या आहेत. हे शब्द गेले, तर हा पुरावा आमच्या घरांतून तरी नाहीसा होईल.

गंमत अशी की, इतरांच्या हाकांचा असा बारीक अभ्यास करणाऱ्या इरावतीबाई स्वतः पतीस, महर्षी कर्वे यांच्या चिरंजीवांस, खुशाल ‘दिनू’ म्हणत. तो काळ पाहता हे धारिष्टच होय. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.